हुकलेल्या अंदाजांची वही

१

वही चोरणाऱ्याने तिच्या जागी रेल्वेचं अकरा वर्षांपूर्वीचं वेळापत्रक ठेवलं होतं. महेश्वरी गड्डमला चोरीइतकाच त्या वेळापत्रकाचा राग आला. जाडी तीच, लांबीरुंदी तीच, वरून तेच लाल फडकं नीट गुंडाळलेलं. म्हणजे ही बाई बासन न सोडता उद्याच्या वर्गात नेऊन ठेवणार आणि चारचौघांत तोंडावर आपटणार, असा चोराचा अंदाज. इतकं गृहीत तिला आजवर फक्त सासरच्यांनी धरलं होतं, आणि तेही फार दिवस चाललं नव्हतं.

शनिवार, सकाळचे नऊ. सोलापूरच्या साखर पेठेतलं ते दोन खोल्यांचं वाचनालय, तिथली ती ग्रंथपाल. बाहेर शेजारच्या कारखान्यातले यंत्रमाग खडखडत होते आणि आत कपाटापुढे ती वेळापत्रक हातात धरून उभी होती.

चोरीला गेलेली वही दिसायला काहीच नव्हती. मंगळवेढ्याकडच्या धोंडिरामने चाळीस वर्षं एसटी स्टँडाबाहेर पोपटाचा पिंजरा घेऊन भविष्य सांगितलं. रोज संध्याकाळी तो वहीत लिहायचा: कोण आलं, आपण काय बोललो, काय लागू पडलं, काय हुकलं. हुकलं त्यापुढे फुली. म्हातारपणी त्याने पिंजरा उघडून पोपट सोडून दिला आणि वही महेश्वरीच्या टेबलावर आणून ठेवली.

उद्या, रविवारी, त्या वहीवर वर्ग होता. विषय कोल्ड रीडिंग. म्हणजे अनोळखी माणसाचे हात, कपडे, होकार-नकार बघत त्याच्याकडूनच माहिती काढायची आणि ती त्यालाच दिव्यदृष्टी म्हणून ऐकवायची. फलकावर तिने खडूने लिहिलं होतं, ‘शिका, म्हणजे फसणार नाही.’ फलक दोनदा कुणीतरी पुसला. तिने तिसऱ्यांदा लिहिला, मोठ्या अक्षरात.

हे सगळं तिने समाजसेवा म्हणून काढलेलं नव्हतं. तिची आई गुरम्मा, आयुष्यभर विड्या वळलेली बाई. तिच्या छातीत गाठ निघाली होती. ऑपरेशन सोमवारी सकाळी ठरलेलं. आणि गुरम्मा ते करून घ्यायला तयार नव्हती, कारण विजापूर रोडवर दरबार भरवणाऱ्या सोनामाईने तिला सांगितलं होतं, अंगाला लोखंड लावू देऊ नकोस, अंगाऱ्याने गाठ विरघळेल. सोनामाईने तिच्या मनातलं सगळं ओळखलं होतं म्हणे. लहानपणी गेलेल्या मुलाचं नावसुद्धा सांगितलं होतं: युवराज.

भांडून, रडून, अबोला धरून झाल्यावर मायलेकींचा एक करार झाला होता. माईची तीच वाक्यं तीस वर्षांपूर्वीच्या वहीत आधीच लिहिलेली आहेत असं दाखवलंस, तर सोमवारी येईन. नाहीतर ऑपरेशनचं नाव काढू नको.

आता वही नव्हती.

पोलिसांकडे जाण्यात अर्थ नव्हता. पोपटवाल्याची जुनी वही चोरीला गेली म्हटल्यावर हवालदाराने आधी चहा पाजला असता आणि मग घरी पाठवलं असतं. तिने फडकं उचललं, बासनाची सुती दोरी बोटांतून फिरवली आणि मध्येच थांबली. काल धड असलेली दोरी एका जागी तुटली होती, आणि तुटलेली टोकं कुणीतरी सांधली होती. सांधा ज्वारीच्या दाण्याहून लहान, चपटा, ओढला तर आणखी घट्ट होणारा. मागावर सूत तुटलं की वडील दोन्ही हातांच्या चिमटीत असाच सांधा मारायचे, माग पुरता थांबायच्या आत. तिने लहानपणी तो शिकायचा प्रयत्न केला होता. जमला नव्हता.

वाचनालयात मागावर काम केलेला माणूस तिच्या माहितीत एकच होता, आणि तो आत्ता तिच्यासाठी चहा घेऊन येत होता.

२

“मल्लेश, हे तू केलंस?” तिने दोरी त्याच्यापुढे धरली.

वाचनालयाचा शिपाई मल्लेश. आधी बारा वर्षं मागावर होता. त्याने चहा टेबलावर ठेवला, दोरी बघितली, मग डावा हात तिच्यापुढे पसरला. अंगठा अर्धाच होता, तर्जनी नव्हतीच. ती मागाने घेतली होती, म्हणून तर तो इथे आला होता. हे तिला सहा वर्षं माहीत होतं. रागाच्या भरात ती माणसाचा हात बघायला विसरली.

“ह्या हातानं कप धरतो तेच लई हाय मॅडम,” तो म्हणाला. “सांधा मारायला दोन्ही चिमटी लागतात की.”

“चुकले,” ती म्हणाली. “माफ कर.”

“चहा घ्या आधी.”

मल्लेशने सांगितलं ते असं. त्याने साडेसातला दार उघडलं. पावणेआठला नेहमीप्रमाणे चिटणीस बिराजदार सर पेपर वाचायला आले. सव्वाआठला देहबोलीचे क्लास घेणारा ऋतुराज पेन ड्राइव्ह विसरला म्हणून आला. मधे पिण्याच्या पाण्याचा जार आणायला मल्लेश वीस मिनिटं बाहेर होता. महेश्वरी स्वतः आईला, अम्माला, रक्त तपासायला घेऊन गेल्याने उशिरा आली. कपाटाची किल्ली घड्याळामागच्या खिळ्याला असते, हे त्या सगळ्यांना ठाऊक होतं. काल संध्याकाळच्या बैठकीत तिने सर्वांदेखतच ती तिथे अडकवली होती.

ती बैठक तिला आता नीट आठवून बघायची होती. वर्गासाठी साधनं निवडायला चौघं बसले होते: ती, सर, ऋतुराज आणि धोंडिराम. टेबलावर बराच माल होता. परदेशी रंगमंचावरच्या एका जादूगाराचं जाडजूड इंग्रजी पुस्तक. मानसशास्त्राच्या पाठ्यपुस्तकातलं एक प्रकरण, कुणालाही लागू पडणारं वाक्य प्रत्येकाला आपलंच का वाटतं यावर. लाखो लोकांनी बघितलेली व्हिडिओंची एक मालिका. आणि ऋतुराजचा स्वतःचा ऑनलाइन अभ्यासक्रम, ‘सात दिवसांत माणूस ओळखा’, प्रमाणपत्रासह.

महेश्वरीने प्रत्येक वस्तूला एकच प्रश्न विचारला होता: यात हुकलेलं कुठे आहे? व्हिडिओंत नव्हतं, कारण ते कापून टाकलेलं. जादूगाराच्या पुस्तकात एक लहानसं प्रकरण होतं, ते तिने ठेवलं. पाठ्यपुस्तकातलं प्रकरण ठेवलं. ऋतुराजच्या अभ्यासक्रमात एकही चूक नव्हती, म्हणून तो बाद. ऋतुराजचा चेहरा पडला होता.

धोंडिराम हसून म्हणाला होता, “माज्या वहीत फुल्या हायत, म्हणून ती वही. फुल्या नसत्या तर जाहिरात झाली असती.”

मग वही हातोहात फिरली. सरांनी ती घेतली, एका पानावर बराच वेळ थांबले आणि पाणी प्यायला उठून गेले.

३

बिराजदार सर दुपारी बाराला स्वतःच आले. सातवीत त्यांनी तिला मराठी शिकवलं होतं. तिने पुस्तकांची वाट धरली ती त्यांच्यामुळे, हे ती कुणालाही सांगायची. सात वर्षांपूर्वी त्यांचा मुलगा नवनाथ भांडून घर सोडून गेला, तेव्हापासून सरांचा बहुतेक दिवस वाचनालयातच जायचा.

“वही गेली असं ऐकलं,” खुर्चीत बसत ते म्हणाले. चष्मा नाकावरून घसरला. दोन ठिकाणी सांधलेल्या दोरीवर तो छातीशी लोंबला, तो त्यांनी पुन्हा चढवला. “मी काय म्हणतो महेश्वरी, आता वर्ग रद्द कर. देवाधर्माच्या लोकांशी वैर कशाला?”

“सर, मी देवावर एक अक्षर बोलणार नाहीये. मी माणसावर बोलणार आहे.”

“लोकांना तेवढा फरक कळत नाही. सकाळी दोघं येऊन गेले माझ्याकडे. कार्यकारिणीत विषय निघेल. तुझी नोकरी आहे ही.”

“आणि छातीत गाठ घेऊन माईच्या अंगाऱ्यावर बसलीय ती माझी आई आहे,” ती म्हणाली.

सर उठले. जाताना त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. तो तिला बरा वाटला, आणि बरा वाटला याचाच थोडा राग आला.

ऋतुराज मात्र फोनवर सापडेना. शेवटी ती त्याच्या क्लासवर जाऊन धडकली. भिंतीवर त्याचा स्वतःचाच मोठा फोटो होता, हाताची घडी घातलेला.

“मॅडम, मी वही घेतलेली नाही,” तो दारातच म्हणाला.

“मी अजून विचारलं कुठे?”

त्याने ओठ चावला. काल धोंडिराम म्हणाला होता, विचारायच्या आधी मिळालेलं उत्तर दुसऱ्याच प्रश्नाचं असतं. ती खुर्ची ओढून बसली आणि काहीच बोलली नाही. ऋतुराज ज्या विषयाचे वर्ग घ्यायचा त्यात शांततेवर एक आख्खा धडा होता. तरी तो दोन मिनिटंही टिकला नाही.

“फोटो काढले,” तो म्हणाला. “काल, तुम्ही चहा ओतत होता तेव्हा. दोनच पानांचे. माझ्या कोर्समध्ये घालणार होतो.”

“स्वतःच्या नावावर?”

त्याने मान खाली घातली. आज पेन ड्राइव्हच्या निमित्ताने तो आणखी पानं टिपायला गेला होता. पण सर तिथे होते, म्हणून तसाच परतला.

“सर काय करत होते?”

“कपाटापाशी उभे होते. म्हणाले, जुने अंक लावतोय.”

महेश्वरीला हे आवडलं नाही. सरांवर नाव ढकलणं ऋतुराजच्या सोयीचं होतं, हेही तिच्या लक्षात आलं. तिने फोन मागून घेतला. पहिल्या फोटोत पोपटाच्या चिठ्ठ्यांचा क्रम होता. दुसरा फोटो तिने दोनदा वाचला.

‘घर सोडून गेलेल्या मुलाचे आईबाप. येणार म्हणावं. मुदत सांगू नये. दिशा पूर्वेची सांगावी. तो तुमची आठवण काढतो, पण लाज आडवी येते, असं म्हणावं. हे कधी हुकत नाही. रडतात आणि परत येतात.’

पुढे फुली नव्हती. काल सर ज्या पानावर थांबले ते हेच असेल का, असा विचार तिच्या मनात आला आणि तिने तो झटकून टाकला. ज्यांनी आपल्याला वाचायला शिकवलं त्यांच्यावर संशय घ्यायचा तर निदान एक पक्का पुरावा हवा होता.

४

धोंडिराम वाचनालयाच्या पायरीवर उन्हात बसला होता. वही गेल्याचं ऐकून तो हळहळला नाही. हे तिला खटकलं आणि तिने तसं विचारलं.

“मी कशाला चोरू माजीच वही?” तो म्हणाला. “गेली तर गेली. मी हाय की. उद्या तोंडानं सांगतो.”

“अम्माला लिहिलेलं दाखवायचंय, काका. तोंडी सांगितलं तर ती म्हणेल, ह्यांच्याही अंगात काहीतरी आहे. आणि युवराजचं नाव? ते माईला कसं कळलं, हे मला अजून सांगता येत नाही. तिथेच मी हरते.”

म्हाताऱ्याने तंबाखू मळायची थांबवली. “नाव अंदाजानं कुणी सांगत न्हाय, पोरी. मी पन कदी सांगितलं न्हाय. नाव आतनं येतं. कुनीतरी आनून देतं.”

“आमच्या घरातलं कोण देणार? आम्ही दोघीच.”

“मग बाहेरचा कोन ते शोध. आईला इचार, माईचं हुकलं काय काय.”

“हुकलेलं विचारून काय होणार?”

“खरं काय, धा जनांकडनं कळतं. सगळी पेठ सांगल. पन चूक असती ना, ती जितं झाली तितनंच येती. माईनं काय चुकीचं सांगितलं ते बग, आनि तीच चूक आनकी कुटं हाय ते बग.”

ती उठली तेव्हा पायात चप्पल घालायचंही भान नव्हतं. मल्लेशने मागून हाक मारून आठवण केली.

५

गुरम्मा घरी सूप मांडीवर घेऊन बसली होती. विड्या सोडून वर्षं झाली, पण निवडायला काही नसलं तर तिचे हात अस्वस्थ होत. आज तिने तूर निवडायला घेतली होती.

“वही गेली म्हणे,” ती म्हणाली. “मल्लेशच्या बायकोनं सांगितलं. बघ, माईला पसंत नव्हतं ते.”

“वही राहू दे. अम्मा, मला माईनं सांगितलेलं सगळं सांग.”

“हजारदा सांगितलं की.”

“बरोबर आलेलं सांगितलंस. मला चुकलेलं सांग.”

अम्माने डाळीवरून नजर उचलली. हे तिला आजवर कुणी विचारलंच नव्हतं, ना दरबारात, ना घरात. महेश्वरी स्वतः चार महिने तिच्याशी भांडत होती ती बरोबर आलेल्या गोष्टींवरूनच.

“माईचं कसं चुकेल?” अम्मा म्हणाली. मग बराच वेळ खडे वेचत राहिली. “माझ्या पाठीवर तीळ आहे म्हणली. नाही. पण बारीक असेल, मला कुठं दिसतंय.”

महेश्वरीने कागद घेतला आणि एक फुली मारली.

“सासूनं छळलं म्हणली. माझ्या सासूनं तर मला लेकीसारखं ठेवलं. पण माई म्हणली, तुला कळलं नाही, आतून जळायची.”

दुसरी फुली. गावाकडे विहिरीचा वाद आहे म्हणाली होती, तर गावाकडे विहीरच नव्हती. तिसरी. घरात दोन मुली, चौथी. अम्मा प्रत्येक फुलीबरोबर माईची बाजू घ्यायची आणि प्रत्येक वेळी तिचा आवाज थोडा उतरायचा.

“आणि युवराजचं?”

“त्याचं नाव बरोबर सांगितलं. ताप आला तेपण. फक्त...” गुरम्माने सूप खाली ठेवलं. “सहा वर्षाचं लेकरू म्हणली. माझा युवराज चार सरून पाचव्यात होता. मी म्हणलं, माई, चार. तर म्हणली, देवाकडे गेल्यावरपण लेकरं वाढतात.”

“आणि तू मान हलवलीस.”

“हलवली. सगळी बघत होती ना गं बिड्डा.” अम्माचे डोळे भरले. “माझ्या लेकराचं वय मी तिच्यासाठी खोटं करून घेतलं.”

महेश्वरीने आईला जवळ घेतलं. पण तिचं डोकं तिथे नव्हतं. सहा वर्षं. हे तिने कुठेतरी वाचलं होतं. पंचवीस वर्षांपूर्वी अम्माने युवराजच्या आठवणीसाठी वाचनालयाला गोष्टींची पुस्तकं दिली, त्याची नोंद ग्रंथदानाच्या वहीत होती: ‘कै. युवराज, वय वर्षे सहा, तापाने मृत्यू.’ अम्माला मराठी वाचता येत नव्हतं, त्यामुळे चूक तिच्या ध्यानात आली नाही. महेश्वरीच्या आली होती, नोकरीला लागली त्याच वर्षी. पण तिने ती दुरुस्त केली नाही, कारण अक्षर मोत्यासारखं सुंदर होतं आणि ज्यांचं होतं त्यांच्या लिहिण्यावर रेघ मारायची तिची हिंमत झाली नव्हती.

ती नोंदवही चिटणिसांच्या कपाटात असते. त्याची किल्ली चिटणिसांकडेच असते.

६

सर घरी एकटेच होते. महेश्वरी पायाही पडली नाही आणि बसलीही नाही.

“सर, चष्मा द्या जरा.”

त्यांनी दिला. तिने पर्समधून बासनाची दोरी काढली आणि चष्म्याच्या दोरीशेजारी धरली. तिन्ही सांधे एकाच हाताचे होते, दाण्याहून लहान आणि चपटे.

“अर्ध्या सोलापूरला येतो हा सांधा,” सर शांतपणे म्हणाले.

“येतो. पण कपाटापाशी अर्धं सोलापूर नव्हतं. आणि माझा भाऊ सहा वर्षांचा होता असं या जगात एकाच कागदावर लिहिलंय. तुम्ही लिहिलंय. तो चार वर्षांचा होता, सर.”

सरांनी रिकाम्या डोळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. चष्म्याशिवाय त्यांचा चेहरा म्हातारा दिसत होता.

“डी.एड.च्या आधी दोन वर्षं मी मिलमध्ये मागावर बदली कामगार होतो,” ते म्हणाले. “सकाळी घाईत दोरी तुटली. नुसती गुंडाळून ठेवली असती तरी चाललं असतं. पण तुटका धागा या हातांना अजून बघवत नाही.”

मग ते सगळं बोलले. नवनाथ गेल्यावर ते माईकडे गेले. माई म्हणाली, येईल, पूर्वेला आहे, आठवण काढतो, पण लाज आडवी येते. ते दर गुरुवारी जाऊ लागले. माई सहज विचारायची, अमका वाचक येतो का हो तुमच्याकडे, त्याच्या घरी काय चाललंय? ते सांगायचे. देवाच्या कामाला हातभार, असं स्वतःला समजवायचे.

“काल ते पान वाचलं,” ते म्हणाले. “माझ्या मुलाबद्दल माई जे बोलली ते सगळं, शब्दाला शब्द. नवनाथच्या जन्माआधी लिहिलेलं. उद्या तू ते सगळ्यांसमोर वाचणार होतीस. मग माझ्याकडे काय उरलं असतं?”

महेश्वरीला रडू आलं आणि संतापही आला. दोन्ही एकदम आल्याने तिचा आवाज फाटला. “आणि माझ्याकडे काय उरेल, सर? माझी आई मरेल. तुम्ही दिलेल्या एका नावामुळे मरेल.”

“गाठीचं मला माहीत नव्हतं. शपथेवर सांगतो. कळलं ते दुपारी, तू आई म्हणालीस तेव्हा.” त्यांनी डोळे मिटले. “एवढं कर. उद्याचा वर्ग पुढे ढकल. सोमवारी वही मी स्वतः आणून देतो.”

“सोमवारी ऑपरेशन आहे.”

“मग आईला एकटीला दाखव. घरात. चारचौघांत नको.”

हे सोपं होतं. तिला वही मिळाली असती आणि सरांची अब्रूही राहिली असती. कुणाला काही कळलं नसतं. पुढच्या गुरुवारी विजापूर रोडला आणखी एखादी बाई मान हलवत बसली असती.

“वही ठेवा तुमच्याकडे,” ती म्हणाली. “वर्ग उद्या दहालाच होणार. वही असो नसो, तुम्ही मला काढून टाका नाहीतर कार्यकारिणी बोलवा. आणि सर, ज्या ज्या वाचकाची गोष्ट तुम्ही तिथे नेलीत, त्याच्या घरी जाऊन तुम्ही स्वतः सांगायचं. तुम्ही नाही सांगितलं तर मी सांगेन.”



७

रविवारी वाचनालयात पाय ठेवायला जागा नव्हती. दाराशी माईची चार-पाच माणसं उभी होती, हाताची घडी घालून. मल्लेशने त्यांनाही खुर्च्या नेऊन दिल्या. ऋतुराजने कुणी न सांगता दोन्ही फोटो मोठे छापून भिंतीला लावले आणि खाली लिहिलं, ‘धोंडिराम यांच्या वहीतून’. मुलाचं पान बघून महेश्वरीने ते उतरवायला लावलं. त्याने कारण विचारलं, तिने सांगितलं नाही.

धोंडिराम बोलायला उभा राहणार, एवढ्यात बिराजदार सर आत आले. लोकांनी वाट दिली. सरांनी पिशवीतून वही काढली, टेबलावर ठेवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “ही मी चोरली होती. चिटणीसपद मी सोडलंय. तुमच्यातल्या काही जणांच्या घरी मला यायचं आहे.” शेवटचं वाक्य बोलताना त्यांची नजर गुरम्मावर होती. मग ते भिंतीशी जाऊन उभे राहिले.

वहीतलं एक पान फाडलेलं होतं. महेश्वरीने धोंडिरामकडे पाहिलं.

“ऱ्हाऊ दे त्यांच्याकडं,” म्हातारा हळूच म्हणाला.

पुढच्या रांगेतून गुरम्मा उठली. तिने वही उचलली आणि लेकीला न देता मल्लेशला दिली. लेकीनं काय, स्वतःच्या बाजूचं काहीही वाचलं असतं. मल्लेशने ‘वयस्कर बाया’ हे पान काढलं आणि अर्ध्या अंगठ्याने ओळ धरून वाचू लागला. तू सगळ्यांसाठी झिजलीस, तुझं कुणाला पडलं नाही. तुझ्या पोटात एक दुःख आहे, तू ते दाबून ठेवलंस. तुझा हात देता आहे, म्हणून रिकामा राहतो. गुरम्माचे ओठ त्याच्याबरोबर हलत होते. काही ओळी तिने त्याच्या आधीच म्हटल्या. दाराशी बसलेल्या माणसांपैकी एक जण उठून बाहेर गेला. बाकीचे ऐकत राहिले.

वाचून झाल्यावर महेश्वरीने आईकडे पाहिलं. “मग उद्या?”

“बघू,” अम्मा म्हणाली. घरी गेल्यावर तिने उरलेली तूर निवडायला घेतली.

सोमवारी सकाळी सहाला ती आंघोळ करून, जुनी साडी नेसून दाराशी उभी होती. दवाखान्यात संमतीचा कागद पुढे आला. महेश्वरी पेन काढू लागली, तर अम्माने तिचा हात बाजूला केला आणि तरुण सर्जनकडे वळली.

“डॉक्टर, अशी ऑपरेशनं किती केली तुम्ही?”

“या प्रकारची? तीनशेच्या वर असतील, मावशी.”

“त्यातली हुकली किती?”

नर्स दचकली. महेश्वरी आईला गप्प करायला पुढे झाली आणि थांबली. सर्जनने हातातली फाइल मिटली.

“दोन बायका टेबलावरच गेल्या,” तो म्हणाला. “सतरा जणींना गाठ पुन्हा आली. एकीची मी ओळखायला चूक केली होती. तिचं नाव मला अजून आठवतं.”

गुरम्माने त्याच्या तोंडाकडे नीट बघून घेतलं. मग पेन मागितलं आणि मोठ्या, वेड्यावाकड्या तेलुगू अक्षरांत, सवड घेऊन, कागदावर आपलं पूर्ण नाव लिहिलं.